कुमुदताईंचा विक्रम मोडेना

परळला आमच्या मैदानावर दरवर्षी खो-खोची स्पर्धा भरते. तिथे माइकवर बसणारा दिलीप एक वाक्य ठेवणीतलं असल्यासारखं म्हणायचा, "कुमुद परब यांचा विक्रम यंदाही अबाधित!" की लगेच टाळ्या. कुमुदताई माझ्या शेजारीच बसलेल्या असायच्या. घरी गॅसवर दूध ठेवून आल्याचं अचानक आठवावं, तसं त्यांचं तोंड व्हायचं. मला वाटायचं, लाजतात. पुष्कळ वर्षं मी तेच समजत होते.

आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. मी लग्न होऊन चाळीत आले तेव्हा त्या ऐन तिशीच्या होत्या. लग्न केलेलं नाही, घरात म्हातारे आईवडील, स्वतः ऑफिसात नोकरीला. अंगाने काटकुळ्या, उंची बेताची, पण चालणं असं की जिन्यात समोरून माणूस आला तर तो अडखळायचा आणि या त्याच्या बाजूने निघूनसुद्धा गेलेल्या असायच्या. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "ही बाय चालते की फसवते?" मासळी बाजारातल्या गर्दीत तर मी त्यांचा पदर धरूनच चालायचे. धक्का म्हणून कुणाचा लागत नसे.

आणि दुसरी सवय म्हणजे हात वर करणं. हे जरा नीट सांगायला हवं. चाळीत दुपारी आम्ही बायका कॅरम खेळायचो. सोंगटी ढकलताना नख लागलं, कुणी बघितलेलं नाही, कुणाला पडलेलंही नाही, तरी यांचा उजवा हात वर. "माझा फाऊल." नळावर कुणाची बादली यांच्याकडून कलंडली, हात वर. भिशीच्या दिवशी उशीर झाला, दारातूनच हात वर करून आत यायच्या. पोरं त्यांना हातवर मावशी म्हणायची. आमची पिंट्याची आई एकदा वैतागून म्हणाली, "अहो कुमुदताई, एखादी चूक तरी पचवा की! आम्हांला लाज वाटते तुमच्यासमोर."

त्यावर त्या हसल्या नाहीत. एरवी हसणारी बाई.

ही सवय त्यांच्या मंडळाची. त्यांना खो-खो शिकवणारे बापू म्हणून होते, गिरणीत कामाला जाऊन संध्याकाळी मुलींना मैदानावर घेणारे. त्यांचा एकच दंडक होता. पळताना पाठलाग करणारीचा हात अंगाला लागला, तर पंचाने शिट्टी वाजवायची वाट बघायची नाही. आपला हात वर करायचा आणि बाहेर यायचं. पंच काय, माणूस आहे, त्याला दिसेल नाही दिसेल. तुला तर कळलंय ना? दुसऱ्या मंडळांच्या मुली यावरून चिडवायच्या. "आल्या बघा सत्यनारायणाचा प्रसाद वाटायला!" म्हणायच्या. पण पंचांना या मुलींचा इतका भरवसा की जवळचा प्रसंग असला की ते शिट्टी तोंडात धरून मुलीच्या हाताकडे बघायचे. हात वर नाही गेला, म्हणजे लागला नाही. संपला विषय.

ज्यांना खो-खो माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. मैदानात दोन टोकांना दोन खुंट, मधल्या रेषेत पाठलाग करणाऱ्या मुली बसलेल्या. पळणाऱ्या तिघी-तिघी आत येतात आणि बाद होईपर्यंत हुलकावण्या देत पळतात. चांगली मुलगी दोन-अडीच मिनिटं टिकली तरी मैदान उठून उभं राहतं. डाव असायचा नऊ मिनिटांचा. कुमुदताई विक्रमाच्या त्या अंतिम सामन्यात पहिल्या तिघींत आत गेल्या, बरोबरच्या दोघी बाद झाल्या, आणि या एकट्या आठ मिनिटांच्या वर पळत राहिल्या. गिरण्या चालू होत्या तेव्हाची गोष्ट. पाळी सुटून आलेली माणसं कुंपणावर चढली होती म्हणतात. शेवटी डाव संपायला काही क्षण उरले असताना एका मुलीचा हात लागला. पंचाच्या शिट्टीआधी कुमुदताईंचा हात वर. लोकांनी त्याच्यासाठीही वेगळ्या टाळ्या वाजवल्या. सामना जिंकला. एका कंपनीचे साहेब बघायला आले होते, खेळाडू मुलगी घ्यायची होती त्यांना. आठवड्याभरात कुमुदताईंना बोलावणं आलं. पुढे वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा ते घर त्याच नोकरीवर उभं राहिलं. चाळीतल्या कितीतरी घरांत तेव्हा चूल पेटायची पंचाईत होती. परबांकडे नव्हती.

स्पर्धेच्या दिवसांत त्या मला हाताला धरून मैदानावर न्यायच्या. खुर्ची खुंटाच्या अगदी जवळ लावायच्या. पहिली दोन मिनिटं शांत. एखादी मुलगी तीन मिनिटांच्या पुढे गेली की यांचा पाय हलायला लागायचा. चारच्या पुढे गेली की आपला संघ, परका संघ काही नाही, उभं राहून ओरडायच्या, "पळ गो बाय, पळ! खुंट सोड! आत घुस!" एकदा दादरची एक सावळी, लांब पायांची पोर होती. काय पळत होती! पाच झाली, सहा झाली. कुमुदताईंनी माझं मनगट असं आवळलं होतं की बांगडी रुतली. सात व्हायला आली आणि पोरीचा पाय घसरला, बाद झाली. कुमुदताई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मागून एक टपोरी पोरगा म्हणाला, "काय आजी, वाचला ना विक्रम! टेन्शन आलेलं वाटतं!"

या गर्रकन वळल्या. "मेल्या, विक्रम वाचलो नाय, परत माझ्या गळ्यात पडलो!"

तो हसला, आजूबाजूचे हसले. मीही हसले. त्या नव्हत्या हसत.

त्यांचा भाचा अमेरिकेत असतो. बहिणीचा मुलगा, त्यांनीच सांभाळलेला. निवृत्त झाल्यावर त्याने त्यांना तिकडे चार महिने नेलं होतं. आल्यावर बायकांनी विचारलं, काय बघितलंत? मॉल? समुद्र? तर म्हणाल्या, "बेसबॉल." भाच्याला त्या खेळाचं वेड, संध्याकाळी टीव्हीवर तोच. इंग्रजी यांना समजत नव्हतं, पण खेळ समजला. "अगं मंदा, पळत येतात आणि शेवटी त्या चौकोनाला हात लावायला मातीत सूर मारतात. आपण खुंटावर मारतो अगदी तस्सा! मी उठून उभीच राहिले सोफ्यावर."

एके दिवशी टीव्हीवर काहीतरी जुन्या खेळाडूंचं चाललं होतं आणि भाच्याने सांगितलं, मावशी, या खेळात काही विक्रम असे आहेत की ते आता कुणी मोडूच शकणार नाही. का रे? पोरं कमी पडतात? तर म्हणाला, तसं नाही, खेळच बदलला. पूर्वी चेंडू टाकणारा एकच माणूस सामनाभर टाकायचा, आता थोडा वेळ टाकला की त्याला बसवतात, दुसरा येतो. हात सांभाळायला. मग जुन्या काळातल्या एकाने जेवढे सामने एकहाती जिंकले तेवढे आताचा कितीही मोठा आला तरी जिंकणार कुठून?

"म्हणजे मोडायची सोयच काढून घेतली," कुमुदताई म्हणाल्या. मग विचारलं, "तो माणूस आता काय करतो?"

"मावशी, तो मरून जमाना झाला."

हे मला सांगताना त्या लसूण सोलत होत्या. सोलता सोलता थांबल्या. "मेला तरी विक्रम उभाच. मंदा, त्याची सुटका कशी होत असेल गो?"

मी म्हटलं, "सुटका कसली? कीर्ती आहे ती."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण रस्ता चुकीचा सांगणाऱ्या माणसाकडे बघतो. पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

आणि मग आपल्याकडेही तेच झालं. एके वर्षी दिलीप आणि मंडळाचे दोघे जण पेढे घेऊन चाळीत आले. मैदानावर आता मॅट येणार, नवे नियम येणार, टीव्हीवाल्यांना आवडेल असा खेळ वेगवान करायचा. डाव आता सात मिनिटांचा. दिलीप खुशीत होता. "कुमुदमावशी, म्हणजे बघा, तुमचा विक्रम आता कायमचा! डावच सातचा, तर आठ कोण पळणार? आम्ही ठरवलंय, शेवटच्या दिवशी तुमचा जाहीर सत्कार. शाल, मानचिन्ह, सगळं."

कुमुदताईंनी पेढा हातात घेतला तो तसाच राहिला. "नियम परत बदलतील ना रे?"

"छे! आता पुढेच जायचं मावशी, मागे कशाला?"

ते गेले. मी चहाच्या कपबशा उचलत होते. कुमुदताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, आणि तशाच उभ्या राहून त्यांनी मला ते सांगितलं. आवाज नेहमीचाच. बाजारभाव सांगावा तसा.

तो अंतिम सामना चालू असताना, पाचवं मिनिट असेल, त्या खुंटाजवळून वळत होत्या. समोरच्या संघाची नलू राणे पाठीवर होती. नलूने खुंट धरून सूर मारला. "माझ्या पाठीला तिची बोटं लागली. इथे, ब्लाऊजच्या खाली. गरम बोटं. पंच माझ्याकडे बघत होता. शिट्टी तोंडात होती त्याच्या. हात वर करायचा होता मला. खांद्यापर्यंत आलासुद्धा होता. आणि मी पळाले."

"घाबरलात असाल."

"नाय गो. पळायला बरं वाटत होतं." परत म्हणाल्या, "एवढंच. पळायला बरं वाटत होतं, म्हणून."

मग मला ते सगळं उलगडत गेलं. नळावरचा हात, कॅरमवरचा हात, भिशीचा हात. एक हात वर गेला नाही, त्याची भरपाई ही बाई आयुष्यभर करत होती. आणि भरपाई कसली, ती होतच नव्हती. एकच वाट होती. दुसऱ्या कुठल्यातरी पोरीने तो आठ मिनिटांचा डोंगर ओलांडून जायचा, म्हणजे कुमुद परब हे नाव पुसलं जाईल आणि खोटं जे काय होतं ते त्याच्याबरोबर जाईल. ती वाट आता पेढे देऊन बंद केली होती.

"सत्काराच्या दिवशी माइकवर सगळं सांगणार मी," त्या म्हणाल्या. "पण आधी नलूला सांगायला हवं. माणूस आहे की नाही कुणास ठाऊक."

माणूस होतं. गिरगावात, ठाकूरद्वारच्या बाजूला. लग्न होऊन तिकडे गेलेली, नवऱ्याच्या मागे घरगुती जेवणाचे डबे देऊन दोन मुलं वाढवलेली. दिलीपनेच पत्ता काढून दिला, का हवाय ते न विचारता. आम्ही दोघी गेलो. कुमुदताईंनी जाताना नारळ घेतला आणि टॅक्सीत तो मांडीवर धरून बसल्या, लग्नघरी चालल्यासारख्या.

नलूताईंनी दार उघडलं. जाड भिंगाचा चष्मा, गुडघ्याला पट्टा. क्षणभर बघितलं आणि ओरडल्याच, "कुमड्या! तू?" मिठी मारली. मला बसवलं, कोकम सरबत दिलं. दोघी मालवणीत सुरू झाल्या, ही कुठे, ती कुठे, बापू कधी गेले. हसणं चाललेलं. आणि त्या हसण्यातच कुमुदताई म्हणाल्या,

"नलू, त्या दिवशी तुझो हात माका लागलो होतो."

"खंयच्या दिवशी?"

"तुका म्हायत हा."

नलूताईंचं हसू तोंडावरून हळूहळू उतरलं. "नाय लागलो."

"लागलो."

"गो, हात माझो. माका नाय कळणार?"

"पाठ माझी."

नलूताईंनी चष्मा काढला. उजव्या हाताचं बोट माझ्यासमोर धरलं, जसं काही मीच पंच. "हे बघा, एवढं. एक बोट. एवढं अंतर राहिलं होतं. मी खुंटाला लटकलेले आणि ही माझ्या डोळ्यांसमोरून गेली. लागला असता तर आम्ही जिंकत होतो. तो साहेब मला घेऊन जात होता. माझा बाप आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मंडळात मला बोटभर नलू म्हणायचे, माहीत आहे? डबे भरताना, पोळ्या लाटताना, बाळंतपणात कळा देताना ते बोटभर अंतर बघितलंय मी. आणि ही आज येऊन सांगते, लागला होता!"

"खरं सांगतेय नलू."

"कीव करायला आलीस माझी? म्हातारपणी शांत करायला?"

"अगं, मी आयुष्यात खोटं एकदाच वागले..."

"मग हे दुसरं!"

मी सरबताचा पेला खाली ठेवला. कुमुदताई रडत नव्हत्या. नलूताईंच्या हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी सत्काराच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"सांगून बघ. परत तोंड नाही बघणार तुझं." नलूताई आता शुद्ध बोलायला लागल्या होत्या, रागात बोलतात तसं. "इतकी वर्षं लोक म्हणाले, हिचा हात हुकला. आता म्हणतील, हात लागला तेसुद्धा हिला कळलं नाही. कसली खेळाडू? ते हवंय तुला?"

परत येताना टॅक्सीत भायखळ्याच्या पुलावर कुमुदताई म्हणाल्या, "मंदा, मला भास झाला असेल का गो? इतकी वर्षं?" लालबाग आल्यावर म्हणाल्या, "नाय. गरम होती बोटं." आणि घराच्या पायरीवर, "मग ती खोटं बोलते. मला सोडवायला." आत जाऊन त्यांनी दिवा लावला नाही. भिंतीपलीकडून मला त्यांच्या पायांचा आवाज येत होता. येरझारा नव्हेत. तीन पावलं इकडे, वळण, तीन पावलं तिकडे. हुलकावणी.

त्या आठवड्यात त्या बारीक झाल्या. जेवणाचं ताट मी नेऊन द्यायची, ते अर्धं परत यायचं. एकदा मला म्हणाल्या, "चूक आहे असं वाटत होतं तेव्हा निदान ती माझी होती. आता तीपण नाही." मी आपली पाठीवरून हात फिरवायला गेले, आणि मध्येच थांबले. पाठच नको वाटली मला.

सत्काराला नलूताई आल्या. सगळ्यात मागच्या रांगेत बसल्या, मोतिया रंगाची साडी, डोक्यात अबोली. कुणी त्यांना ओळखलं नाही. मॅटवर सामने झाले, पोरी सुंदर खेळल्या, आमच्या वेळच्यापेक्षा चपळ. दिलीपने माइक घेतला. "हा विक्रम आता कधीच, कधीच मोडणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट. शिक्षा ऐकून घेताना माणूस ताठ उभा राहतो, तशा कुमुदताई उभ्या. शाल घातली, माइक समोर केला. मी पहिल्या रांगेतून बघत होते. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मागच्या रांगेवर थांबवली. मीही वळून बघितलं. नलूताई टाळ्या वाजवत होत्या. मनापासून, हात उंच धरून. सगळे थांबले तरी त्या वाजवतच होत्या.

कुमुदताईंचे ओठ हलले. माइक मध्येच खरखरला. मग म्हणाल्या, "पोरींनो, पळा." आणि खाली उतरल्या. लोकांना वाटलं, भरून आलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी त्यांची भाची, त्या अमेरिकेतल्या भाच्याची बहीण, येऊन त्यांना बदलापूरला घेऊन गेली, आमची चाळ पाडायला काढली होती म्हणून. तिथून त्या आल्या नाहीत. दोन महिन्यांनी झोपेतच गेल्या, असं भाचीने फोनवर सांगितलं. म्हणून ती मैदानावरची संध्याकाळच माझी त्यांच्याबरोबरची शेवटची.

त्या संध्याकाळी कार्यक्रम संपला, खुर्च्या उचलायला लागले. मी फाटकाबाहेर टॅक्सी थांबवली आणि त्यांना हाक मारायला वळले. मॅट गुंडाळून बाजूला केली होती, खालची माती दिसत होती. तिथे त्या दोघी उभ्या होत्या, खुंटाजवळ. नलूताई एक बोट वर धरून दाखवत होत्या. कुमुदताई मान हलवत होत्या. पुन्हा बोट. पुन्हा मान. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन म्हाताऱ्या भाजीच्या भावावरून भांडतायत.

मग कुमुदताईंनी अंगावरची शाल काढून खुंटावर टाकली आणि नलूताईंकडे पाठ केली. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. आवाज आला नाही, पण ओठ दिसले. "लाव."

नलूताई हलल्या नाहीत.

"लाव ना गो."

नलूताईंचा उजवा हात हळूहळू वर आला, लांब झाला. कुमुदताईंनी डोळे मिटले. हात तिथे हवेतच राहिला.

"मावशी, चलना है की नही?" मागून टॅक्सीवाला ओरडला. "पीछे हवालदार खडा है!"

"रुको रे, दो मिनिट!" म्हणायला मी वळले, आणि त्याला थोपवून परत बघितलं तेव्हा कुमुदताई फाटकाकडे यायला लागल्या होत्या. मागे नलूताई एकट्याच उभ्या, आपला उजवा हात डाव्या हातात धरून. लागला की नाही, ते मला दिसलं नाही. मी विचारलंही नाही. मैदान काही मोठं नव्हतं, आणि त्या चालतच आल्या होत्या. तरी त्यांना धाप लागली होती.